हातमोजे घेण्याआधी पाणी कुठलं ते बघा

जानेवारीतली सकाळ होती. नाशिकला, इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर मी एक बादली भरून ठेवली होती आणि तिच्यात फ्रीजमधले बर्फाचे तीन ट्रे उपडे केले होते. तळाशी एक रुपयाची पाच नाणी. शेजारच्या मुलीने दिवाळीनंतर मालवणला जाऊन स्कूबाचा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहण्याचा, पहिला कोर्स पूर्ण केला होता, आणि ऑगस्टमध्ये तिला मैत्रिणींबरोबर बालीला जायचं होतं. ती मोबाइल माझ्यापुढे धरून उभी होती.

“काका, हे हातमोजे बघा, पाच मिलिमीटरचे आहेत. जाड आहेत म्हणजे चांगलेच असणार ना? सेल संपायच्या आत घेऊन टाकू?”

“आधी बाही वर कर आणि ती नाणी काढून दाखव.”

पहिली दोन नाणी तिने झटक्यात काढली. तिसऱ्याला बोटं चुकायला लागली. चौथं चिमटीत आलं, पण ते आलंय हे तिला कळलंच नाही. बादलीच्या काठापर्यंत येऊन ते परत तळाला गेलं. हात बाहेर काढला तेव्हा बोटांची टोकं लालबुंद झाली होती. हात पुसून, शेकून झाल्यावर मी माझे पाच मिलिमीटरचे मोजे तिला चढवायला दिले आणि पुन्हा बादलीत हात घालायला सांगितला. आता हात गार पडत नव्हता, पण नाणं तळावरून सुटतच नव्हतं. बराच वेळ खटपट करून एकही वर आलं नाही.

स्कूबाच्या हातमोज्यांचा सगळा पेच त्या बादलीत दिसतो. मोजा नसेल तर थंडी बोटांची जाण घालवते, आणि मोजा जाड असेल तर मोजाच ती घालवतो. या दोन्हींच्या मधली जागा शोधायची, आणि ती जागा प्रत्येक पाण्यात वेगळी असते. म्हणून मला कुणी “कोणते मोजे घेऊ” विचारलं की मी आधी विचारतो, “कुठल्या पाण्यात उतरणार?”

पाण्यात हात इतक्या लवकर का गारठतात, ते आधी समजून घेऊ. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. निफाडच्या थंडीत मळ्यात उभं राहिलो तर अंगाभोवतीची हवा थोडीफार ऊब धरून ठेवते. पाणी ती ओढून घेतं. त्यातही बोटं बारीक, त्यांच्यात मांस थोडं आणि पाण्याला लागणारी कातडी जास्त. वर शरीराचा स्वतःचा हिशेब असतो. अंग गार पडायला लागलं की ते हृदय, फुप्फुसं, मेंदू यांच्यासाठी रक्त राखून ठेवतं आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांच्या त्वचेचं तापमान 15 अंशांच्या आसपास उतरलं की बारीक कामं जमेनाशी होतात. आजी थंडीत हात चोळत बसलेल्या पोराला आधी कानटोपी आणि स्वेटर घालायला लावायची, ते अगदी बरोबर होतं. डाइव्हमध्ये हात वारंवार गारठत असतील तर आधी वेटसूट, म्हणजे अंगातला रबरी पोशाख, पुरेसा जाड आहे का, डोक्याला हूड आहे का, हे बघा. अंग उबदार राहिलं तर रक्त बोटांपर्यंत पोचतं. नुसते जाड मोजे घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

मोजे ज्या कापडाचे असतात ते निओप्रीन म्हणजे फुगवलेलं कृत्रिम रबर. 1930 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत ते तयार झालं. त्याच्या पोटात वायूचे असंख्य बारीक, बंद बुडबुडे असतात आणि ऊब राखायचं काम तेच करतात. रबर नुसतं त्यांना धरून ठेवतं. मोज्याच्या आत थोडं पाणी शिरतंच, ते शिरायचंच असतं. हाताच्या उबेने तो पातळ थर कोमट होतो आणि तिथेच राहतो. मोजा सैल असेल तर मात्र प्रत्येक हालचालीबरोबर कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत. मग पाच मिलिमीटर असो की सात, पैसे पाण्यात गेले.

दुकानदार सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट इथे आहे. ते बुडबुडे खोलवर दबतात. पाण्याखाली दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट, तीस मीटरवर चौपट. वायू त्या प्रमाणात आकसतो. म्हणून बादलीत पाच मिलिमीटरचा असलेला मोजा तीस मीटरवर तेवढा जाड उरत नाही, आणि बहुतेक वेळा खालचं पाणीही जास्त गार असतं. जाडी निवडताना सगळ्यात खोल जागेचं तापमान धरायचं. होडीतून हात बुडवून बघितलेलं पाणी इथे कामाचं नाही.

आता मालवण. नाशिकची मंडळी स्कूबा म्हणून सगळ्यात आधी जातात ती तिथेच, रात्रभराचा प्रवास करून. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तारकर्लीच्या समुद्रात, हंगामात पाणी साधारण 26 ते 30 अंशांचं असतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या उथळ डाइव्हसाठी तिथे उबेकरता मोजे लागत नाहीत. अंदमानातही नाहीत, लक्षद्वीपलाही नाहीत. फारच लवकर थंडी वाजणाऱ्यांना दीड-दोन मिलिमीटरचा पातळ मोजा पुरतो.

“पण खडकाला हात लागला, काही चावलं तर?” हा पुढचा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. मीही एकेकाळी असाच विचार करून मोजे घालून उतरलो होतो. लाट थोडी जोराची होती, तोल सांभाळता येईना, आणि हातात मोजा आहे या भरवशावर मी समोरच्या खडकाला धरलं. तळव्याखाली काहीतरी कुरकुरलं. हात उचलून बघितलं तर प्रवाळाची बोटभर फांदी तुटून खाली पडली होती. मोजा नसता तर मी तिथे हात लावलाच नसता, हे मला तेव्हाच कळलं, आणि अजून ते आठवलं की वाईट वाटतं. प्रवाळ म्हणजे दगड नाही. चुन्याच्या सांगाड्यावर जिवंत जिवांचा पातळ पापुद्रा असतो. नुसता हात फिरवला तरी त्यावरचं संरक्षक बुळबुळीत आवरण पुसलं जातं आणि रोगाला वाट मिळते. घुमटासारखं वाढणारं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. ताटाएवढा घुमट दिसला तर तो आपल्या शाळेच्या दिवसांपासून तिथे असू शकतो.

म्हणूनच कॅरिबियन समुद्रातलं बोनेर आणि मेक्सिकोचं कोझुमेल अशा काही संरक्षित सागरी उद्यानांत हातमोजे घालायलाच बंदी आहे. हात उघडा असला की माणूस आपोआप तो जवळ ठेवतो. आपल्याकडे मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. ते तोडणं, घरी आणणं गुन्हा आहे. मालवणात स्थिर पाण्यात, प्रशिक्षकाबरोबर पहिलीच डाइव्ह असेल तर माझं स्पष्ट मत आहे: मोजे घेऊ नका. त्या पैशांत तलावात आणखी दोन दिवस तरंगण्याचा सराव करा. ज्याला एका जागी अधांतरी राहता येतं, त्याला धरायला खडक लागत नाही.

चावण्या-टोचण्याचं म्हणाल तर मोज्याची मदत अर्धवटच होते. अग्निप्रवाळाचा दाह, जेलीफिशच्या सुटलेल्या धाग्याचा डंख पातळ मोजाही थोपवतो. पण समुद्रसाळूचा, म्हणजे सी अर्चिनचा, काटा निओप्रीनमधून सहज आरपार जातो, आणि दगडमाशाचा तर जातोच. अशा माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 40 ते 45 अंश, जखम अर्धा ते दीड तास बुडवतात, कारण ते विष उष्णतेने निकामी होतं; आणि लगेच डॉक्टर गाठायचा. पाण्याचा अंदाज घेताना दुसऱ्याचा हात बुडवा, कारण जखमी हाताला भाजल्याचं कळत नाही.

मोजे खरोखर लागतात ते दोरीला. नांगराची किंवा बोयाची दोरी बरेच दिवस पाण्यात असली की तिच्यावर शिंपले, कालवं चिकटतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी असते. प्रवाह असलेल्या ठिकाणी त्याच दोरीला धरून खाली-वर करावं लागतं. यासाठी महागाचं काही नको. रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे, विणलेल्या नायलॉनचे आणि तळव्याला रबर लावलेले कामगारांचे मोजे कितीतरी अनुभवी डाइव्हर वापरतात. ऊब शून्य, पण पकड चांगली आणि बोटं मोकळी. खाली पोचल्यावर ते काढून खिशात ठेवायचे. बाइकचे चामडी मोजे मात्र नकोत: ते पाणी पितात, जड होतात आणि वाळले की लाकडासारखे कडक होतात.

बालीचं पाणी सगळीकडे सारखं नसतं. बेटाच्या उत्तरेला कोमट पाणी मिळतं, पण शेजारच्या नुसा पेनिडा बेटाजवळ साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात खालून गार पाणी वर येतं आणि तापमान 18 अंशांपर्यंत, कधी त्याहीखाली उतरतं. सूर्यमासा बघायला लोक नेमके त्याच काळात जातात. तिथे तीन मिलिमीटरचा मोजा, आणि गारठा पटकन जाणवणाऱ्याला पाचचा. मी ढोबळमानाने असं धरतो: 24 अंशांच्या वर काही नाही किंवा दीड-दोन मिलिमीटर, 18 ते 24 मध्ये तीन, 10 ते 18 मध्ये पाच, त्याखाली सात मिलिमीटरचे तीन बोटी मोजे, म्हणजे अंगठा वेगळा, तर्जनी वेगळी आणि उरलेली बोटं एकत्र. बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात, लहान बाळाच्या मोज्यासारखी. आइसलँडच्या सिल्फ्रा घळीत पाणी बारा महिने 2 ते 4 अंशांचं असतं, तिथे अशाच मोज्यांचा उपयोग. त्याहून पुढे ड्रायसूटला, म्हणजे आत पाणी न शिरू देणाऱ्या पोशाखाला, मनगटाशी कडीने जोडलेले कोरडे मोजे येतात, ज्यांच्या आत लोकरीचा अस्तरमोजा घालतात. सुट्टीत डाइव्ह करणाऱ्याला त्यांची गरज क्वचितच पडते.

नाशिकच्या पाण्याचं सांगायला हवं, कारण त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. गंगापूर धरणात किंवा गोदावरीत उतरणारे जीवरक्षक आणि पाणबुडे मौजेसाठी उतरत नाहीत. तिथे हातभर अंतरावरचं दिसत नाही. हात हाच डोळा. चाचपडत पुढे जाताना तळाशी काय असेल याचा नेम नसतो: फुटक्या बाटल्या, तार, मासेमारीचा तंगूस, त्याला अडकलेले गळ. उघड्या हाताने असं काम करणाऱ्यांना मी बघितलंय आणि त्यांच्या तळहातांवरचे वण बघितलेत. अशा कामाला जाडीपेक्षा कापण्याला दाद न देणारा तळवा महत्त्वाचा. केव्हलारचे धागे विणलेले मोजे त्यासाठीच असतात. तेही टोकदार गळाला पूर्ण अडवत नाहीत, पण काचेच्या धारेपासून हात वाचवतात. मनगटावर लोंबणारे पट्टे नकोत, तंगूस त्यातच अडकतो. आणि पाणी घाण असेल तर हे नीट लक्षात ठेवा की साधा निओप्रीनचा मोजा ते घाण पाणी हाताला लावूनच ठेवतो. बोटावर चीर असेल तर लेप्टोस्पायरोसिससारखा संसर्ग तिथून शिरू शकतो. गटाराचं पाणी मिसळलेल्या ठिकाणी ड्रायसूटला जोडलेले कोरडे मोजेच खरे. धनुर्वाताचं इंजेक्शन वेळच्या वेळी घेतलेलं असणं हाही त्या साहित्याचाच भाग समजा. 2027 च्या सिंहस्थात घाटांवर किती जीवरक्षक लागतील याचा विचार केला की वाटतं, त्यांच्या हातांचा विचार आत्तापासून व्हायला हवा.

माप घेताना शिंप्याचा टेप घ्या. ज्या हाताने लिहिता तो पसरून, अंगठा सोडून, बोटांच्या गाठींवरून वेढा मोजा. मग मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंत लांबी. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा. एकीचा मीडियम दुसरीचा लार्ज असतो, म्हणून आकडे बघा, अक्षरं नाही. शक्य असेल तर घालून बघितल्याशिवाय घेऊच नका. बोटांच्या टोकाशी मोकळी जागा नको, कारण तिथलं पाणी गारच राहतं आणि पकडही जाते. बोटांच्या बेचक्यात मोजा पूर्ण बसायला हवा. मूठ वळून एक मिनिट धरा. बोटांना मुंग्या आल्या तर मोजा घट्ट आहे. तो रक्त अडवेल आणि जाड असूनही हात गार पाडेल. बायकांच्या लांब, बारीक बोटांना पुरुषी मापाचा लहान मोजा बहुतेक वेळा बसत नाही, त्यांची वेगळी मापं मिळतात ती मागा. चांगल्या जाड मोज्याची बोटं थोडी वळलेल्या अवस्थेतच शिवलेली असतात. सपाट शिवलेल्या पाच मिलिमीटरच्या मोज्यात हात सारखा उघडायला बघतो आणि पाऊण तासात पंजा दुखायला लागतो.

शिवण आतून उलटी करून बघा. सुई आरपार गेलेली असेल तर प्रत्येक भोकातून पाणी येतं. गरम पाण्यात चालेल. गार पाण्यासाठी कडा आधी चिकटवून मग अर्ध्याच जाडीपर्यंत टाके घातलेले हवेत, म्हणजे टाका एका बाजूनेच दिसतो. तळव्याला अमारा नावाचं कृत्रिम चामडं असेल तर बोटांना स्पर्श चांगला कळतो आणि ते भिजून कडक होत नाही. मनगट लांब हवं, वेटसूटच्या बाहीखाली किंवा वर नीट बसेल एवढं.

आपल्याकडे द्राक्षाच्या घडांची विरळणी करणाऱ्या बायकांचे हात बघा. कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा हे त्यांची बोटं ठरवतात. पाण्याखाली डाइव्हरची बोटं तसंच काम करतात. बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या हवेच्या जाकिटात, हवा भरायचं बटण आणि सोडायचं बटण एकमेकांपासून बोटभर अंतरावर असतं. जाड मोज्यात चुकीचं दाबलं गेलं तर सोडायच्या ऐवजी हवा भरली जाते, आणि माणूस आवरता येणार नाही इतक्या वेगाने वर खेचला जातो. त्यात फुप्फुसाला इजा होऊ शकते. वेट बेल्टचं बक्कल एका झटक्यात सुटायला हवं. मास्कची कड कपाळावर नेमकी दाबता यायला हवी. म्हणून नवे मोजे घेतले की पहिली डाइव्ह त्यांच्यातच करू नका. घरी सोफ्यावर बसून, डोळे मिटून बटणं ओळखा, बक्कल उघडा, क्लिप लावा. मग उथळ पाण्यात. मोज्यात बोटांच्या खुणाही जाड होतात, तेव्हा आपल्या बडीशी, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराशी, आधीच ठरवून घ्या की खूण मोठी आणि सावकाश करायची.

मोजे सगळ्यात शेवटी घालायचे. पहिला सहज जातो, दुसरा त्याच मोज्यातल्या हाताने ओढताना फाटतो. आत थोडं पाणी घाला, आणि दुसरा बडीला ओढू द्या. गार ठिकाणी थर्मासमधलं कोमट पाणी मोज्यात ओतून मग उतरतात. पहिली दहा मिनिटं त्याने फार बरं वाटतं.

मोज्यांचा संबंध नाही, पण मालवणहून परत येणाऱ्यांना हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. विमानात बसण्याआधी एका डाइव्हनंतर किमान 12 तास आणि एकापेक्षा जास्त असतील तर 18 तास थांबायचं, हा नियम 600 मीटरच्या वर चढणाऱ्या रस्त्यालाही लावा. नाशिकला येताना घाट चढावाच लागतो. डाइव्ह आटोपून त्याच संध्याकाळी गाडीत बसू नका, एक मुक्काम वाढवा.

परत आल्यावर मोजे गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचे, उलटे करून पुन्हा धुवायचे, पिळायचे नाहीत. उन्हात घातले तर निओप्रीन तडकतं, आणि आपलं एप्रिलचं ऊन तर दोन दिवसांत त्याचा जीव घेतं. सावलीत, आतली बाजू बाहेर काढून, बोटं वर राहतील असे टांगा. मनगटापेक्षा बोटांच्या टोकांत पाणी जास्त वेळ राहतं आणि वास तिथेच धरतो. बोटांच्या बेचक्यात कापड पांढरं पडायला लागलं, तिथे बोटाने ताणल्यावर बारीक भेगा दिसल्या की मोजे बदला. फाटतात ते तिथूनच.

शेजारच्या मुलीने शेवटी तीन मिलिमीटरचे घेतले, तळव्याला अमारा असलेले, ठाण्याला जाऊन हातात घालून बघून. मोजे आले त्या दिवशी संध्याकाळी ती बर्फाचे ट्रे घेऊन गच्चीवर आली. पाचपैकी चार नाणी निघाली. पाचवं तिने अंगठ्याने बादलीच्या कडेला घसटत वर आणलं.